नैऋत्येचं वजन

“झोपायच्या खोलीत चहा उकळायचा आणि बसायच्या खोलीत झोपायचं. उद्या न्हाणीघरात ताटं मांडतील, आणि आम्ही मुकाट्याने जेवू.”

पडद्याच्या अलीकडे सून वेणी घालत होती, पलीकडे सासरे मोजे चढवत होते, आणि ही कुरकुर त्या मोज्यांनाच उद्देशून होती. दुसरं कोण ऐकून घेणार? सासरे चाळीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे मोजणीदारच म्हणत. त्यांच्या मोजणीवर कधी कुणी अपील केलं नव्हतं, आणि आता त्यांना स्वतःच्या घरात स्वतःची गादी कुठे पडणार ते विचारून घ्यावं लागत होतं.

“ऐकू येतंय हं मला,” आतून सासूबाई ओरडल्या. “आग्नेयेला अग्नी हवा म्हणून सांगितलंय वास्तुताईंनी. चहा हा अग्नीच आहे.”

“चहा हा चहा आहे.”

“उकळेपर्यंत अग्नी. कपात ओतला की चहा. आता येताय की निववून पिताय?”

सुनेला हसू आलं, ते तिने दातांत धरलेल्या रिबिनीबरोबर दाबलं. असं हसू आलं की तिला अपराध्यासारखं वाटायचं. गेले अकरा दिवस तर जास्तच, कारण पर्सच्या आतल्या कप्प्यात एक पत्र होतं. ती दातांच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे तीन खोल्या, मेणाचा वास, प्लास्टरची भुकटी आणि फळीवर ओळीने ठेवलेले लोकांचे जबडे. तिच्या हातची दाढ तोंडात बसली की माणूस दुसऱ्या दिवशी विसरून जातो, कुठली आपली आणि कुठली घातलेली, असं मालक आल्यागेल्याला सांगायचे. आता मालक दुसऱ्या गावी शाखा काढणार होते. पत्रात लिहिलं होतं की ती शाखा तिने सांभाळावी. गाव नऊ तासांवर. उत्तर सोमवारी द्यायचं. आज रविवार.

अकरा दिवस तिने ते पत्र कुणाला दाखवलं नव्हतं. दाखवायचं म्हणजे बोलायचं, आणि या घरात जेवणाखाण्याचं, भाजीच्या भावाचं, वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या नळाचं सगळं बोलणं व्हायचं, तिच्या पुढच्या आयुष्याचं तेवढं सोडून. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन आठवड्याभरात गेला होता. तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती आणि हे दोघंही तिला कधी जा म्हणाले नव्हते. तिला ते आवडायचं. आणि त्याच आवडण्याने हल्ली तिचा जीव गुदमरायचा.

वास्तूचं खूळ आलं ते वरच्या वहिनींमुळे. वहिनी एकदा विरजण मागायला आल्या, आणि विरजण हातात घेऊन तासभर उभ्या राहिल्या. जाता जाता म्हणाल्या, “मावशी, घरात वायव्य कोपऱ्यात कोण झोपतं ते बघून घ्या बरं. वाऱ्याची दिशा ती. तिथे झोपणारं माणूस घरात टिकत नाही. म्हणून तर पाहुण्यांना देतात ती खोली, आणि लग्नाच्या मुलींना.”

“आणि टिकायचं असेल तर?”

“नैऋत्य. तिथे सगळ्यात जड सामान आणि सगळ्यात महत्त्वाचं माणूस.”

त्या रात्री सासूबाई नीट जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखायला लागले, तिसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, आणि चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की घरात काहीतरी बिनसलंय, वास्तू बघून घ्यायला हवी. काय बिनसलंय ते काही त्यांनी सांगितलं नाही. मोजणीदार म्हणाले, “गुडघ्यांचं बिनसलंय. पासष्टाव्या वर्षी बिनसतं.” पण सासूबाईंनी वहिनींकडून वास्तुताईंचा नंबर मिळवलाच.

या वास्तुताईंना इतकी मागणी होती की त्या कुणाच्या घरी पाऊल ठेवत नसत. फोनवर म्हणाल्या, “घराचा नकाशा काढून पाठवा. मापं बरोबर हवीत, आणि उत्तर दिशेचा बाण नीट दाखवा. बाकी मी बघते.”

नकाशा म्हटल्यावर मोजणीदारांची कुरकुर थांबली. सात वर्षांत प्रथमच त्यांनी ड्रॉइंग बोर्ड काढला, पेन्सिलींना टोकं केली, फीत घेऊन दोन दिवस घरभर फिरले. सुनेला फितीचं एक टोक धरायला लावलं. भिंतींची जाडी, दारं उघडण्याच्या दिशा, ओटा, मोरी, सगळं प्रमाणात. वर कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला, इतका रेखीव की फ्रेम करून लावावा.

नकाशा आठ दिवसांनी परत आला तो लाल खुणांनी भरून. सुनेची रस्त्याकडची खोली नैऋत्येला निघाली. सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. पण बाकी घराची दाणादाण. स्वयंपाकघर ईशान्येला, म्हणजे देवाच्या आणि पाण्याच्या जागी चूल! सासू-सासऱ्यांची खोली आग्नेयेला, म्हणजे पेटत्या कोपऱ्यात अंथरूण! ताईंनी लिहिलं होतं की अख्खं स्वयंपाकघर हलवणं शक्य नसेल तर निदान सकाळचा पहिला चहा आग्नेयेत व्हावा आणि कर्त्या पुरुषाने तिथे झोपू नये. म्हणून झोपायच्या खोलीत विजेची शेगडी आली, दोघांच्या गाद्या बैठकीच्या खोलीत आल्या, आणि मोजणीदार मोज्यांशी बोलू लागले.

नैऋत्येबद्दल ताईंचं एकच वाक्य होतं: येथे वजन ठेवावे. सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की काही विचारू नका. पहिल्या दिवशी लोखंडी कपाट सुनेच्या खोलीत गेलं. मग शिलाई मशीन. मग मोजणीदारांचे कायद्याचे ग्रंथ, जे चाळीस वर्षांत त्यांनीसुद्धा उघडले नव्हते. मग नवऱ्याची व्यायामाची वजनं, पलंगाखाली ओळीने. रोज कामावरून येऊन सून दार उघडायची आणि खोली आणखी थोडी लहान झालेली असायची. पलंगावर चढायला आता मशीनवरून पाय टाकून जावं लागे.

“अडचण होत नाही ना गं?” सासूबाई दारातून विचारायच्या.

“नाही आई, बरं आहे. हात लांबवला की सगळं हाताशी.”

सासूबाई समाधानाने मान डोलवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी घरात आणखी काय जड आहे ते शोधायला लागायच्या.

या घरात दिशा सांगायला सूर्याचाही उपयोग नव्हता. मागे सहा मजली इमारत उठली होती, तिने मागच्या बाजूचं ऊन अडवलं होतं. पुढे रस्त्यापलीकडे काचेची कचेरी झाली होती, ती सकाळी सकाळी कुठलं तरी ऊन घेऊन सुनेच्या खिडकीत फेकायची. सून लग्न होऊन आली तेव्हापासून असंच होतं. तिने कधी विचारच केला नव्हता की पूर्व कुठे. सासरे मोजणीदार असल्यावर सुनेने दिशांचा विचार कशाला करावा?

पण शनिवारी संध्याकाळी ती पलंगावर बसून ते नवं गाव फोनवर बघत होती. रस्ता लांबच्या लांब वर वर जात होता. तिने फोन फिरवला तसा निळा बाणही फिरला. खिडकीकडे तोंड करून बसली होती ती, आणि बाण म्हणत होता पश्चिम. कपाटावर सासूबाईंनी चिकटवलेला नकाशा म्हणत होता दक्षिण.

तिला वाटलं, कपाटाचं लोखंड भोवतंय. ती स्वयंपाकघरात गेली. तिथेही तेच. गच्चीवर गेली, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि मावळता सूर्य डोळ्यांनी बघितला. फोनचं खरं होतं. नकाशाचा बाण चुकला होता. तिची खोली नैऋत्येला नव्हतीच, वायव्येला होती. नैऋत्येला होती ती सासू-सासऱ्यांची, जिथे आता चहा उकळत होता.

तिला दिशांचं काहीच वाटलं नाही. तिला मोजणीदारांचं वाटलं. चाळीस वर्षं लोकांचे बांध आखलेला माणूस स्वतःच्या घराची उत्तर चुकला, म्हणजे आता काय समजायचं? गेल्या महिन्यात ते चष्मा कपाळावर ठेवून शोधत होते. मागच्या आठवड्यात तिला चुकून मुलाच्या नावाने हाक मारली होती. आणि अशा माणसाला सोडून आपण नऊ तासांवर जायचं? कपाट आणि मशीन यांच्यावर आता हे नऊ तासही येऊन बसले, असं तिला वाटलं.

तर आता, रविवारी सकाळी, चहाचे कप विसळून झाल्यावर सासूबाई वर वहिनींकडे गेल्या. सून नकाशा घेऊन बैठकीच्या खोलीत आली. मोजणीदार गादीची वळकटी करत होते.

“बाबा,” ती जपून म्हणाली, “एक विचारू? नकाशावरची उत्तर... जराशी हलली आहे का?”

त्यांनी वळकटीला दोरी आवळली. “किती अंशांनी?”

“नव्वद.”

“बरोबर नव्वद?”

“हो. फोनवर बघितलं, गच्चीवर जाऊनही बघितलं. पण होतं असं कधीकधी, त्यात काही...”

“असं होत नाही,” मोजणीदार म्हणाले. “चूक तीन अंशांची होते. सात अंशांची होते. एकदा माझ्या हाताखालच्या एकाने अकरा अंश खाल्ले होते, त्याला सर्दी झाली होती. बरोबर नव्वद अंशांची चूक कुणाच्या हातून होत नसते, पोरी.”

ते वळकटीवरच बसले.

“तुझ्या मालकांचा फोन आला होता. घरच्या फोनवर. तू कामावरच होतीस, पण त्यांना आधी आमच्याशी बोलायचं होतं. म्हणाले, शाखा काढतोय, तिला पाठवायचं मनात आहे, घरच्यांची हरकत नसावी. मी म्हटलं, घरच्यांची हरकत नाही.”

“कधी?”

“वहिनी विरजण घेऊन गेल्या त्याच आठवड्यात.”

“म्हणजे महिना झाला! मला का नाही बोललात?”

“बोललो असतो तर तुला वाटलं असतं, म्हातारा घालवतोय मला. नाही बोललो तर तू जाणार नाहीस. आणि हिच्यासमोर तो विषय काढायचा तर माझी जीभ रेटत नाही. खात्यात असताना दोन भावांना समोरासमोर बसवून सांगायचो मी, की बांध इथे आहे, भांडायचं तर माझ्याशी भांडा. पण हिच्यासमोर नाही जमत.” त्यांनी नकाशा तिच्या हातातून घेतला आणि गुडघ्यावर सपाट केला. “हातात पेन्सिल होती, तेवढं केलं. खरी उत्तर काढली असती, तर त्या ताईंनी तुला वायव्येतून उचलून नैऋत्येत आणून टाकलं असतं.”

“पण बाबा, तुमचा तर या सगळ्यावर विश्वासच नाही.”

“छे! मुळीच नाही.” त्यांनी नकाशावरच्या बाणावरून बोट फिरवलं. “पण समजा, असलंच त्यात काही. तर तुझी वायव्य कशाला काढून घ्यायची?”

सुनेला हसायचं होतं. “आणि त्यापायी तुम्ही पंधरा दिवस इथे जमिनीवर झोपताय.”

“ते मात्र गणितात आलं नव्हतं,” मोजणीदार म्हणाले. “पूर्ण घर फिरेल हे लक्षात यायला हवं होतं.”

“उद्या उत्तर द्यायचंय मला.”

“ठाऊक आहे.”

“काय देऊ?”

तेवढ्यात जिना वाजला. मोजणीदारांनी नकाशा झटकन वळकटीखाली सरकवला, आणि शाळेत पकडलेल्या पोरासारखा चेहरा केला.

सासूबाई धापा टाकत आल्या. “सापडलं,” त्या म्हणाल्या. “ओट्याखालची पेटी. इतकी जड आहे आणि माझ्या डोक्यातच आली नाही. तुमची ती साखळी आहे ना तिच्यात, जमीन मोजायची?”

“अगं, पुरे झालं आता. त्या खोलीची जमीन खचेल.”

“खचू दे. चला, उठा. सूनबाई, तू आतून ओढ. तुम्ही मागून ढकला. मी सांगते.”

लोखंडी मोजसाखळीने भरलेली ती पेटी दोघांनी रखडत रखडत दारापर्यंत आणली. त्यात एकदा मोजणीदारांचा अंगठा सापडला, एकदा सासूबाईंनी डावीकडे म्हणून उजवीकडे हात केला. सून पेटीवरून आत उडी मारून ओढायला लागली. दार सत्तावीस इंच, पेटी सव्वीस, मोजणीदारांना तोंडपाठ होतं. पेटी अर्धी आत गेली आणि गच्च बसली. ना पुढे, ना मागे.

“कडी,” मोजणीदार वाकून म्हणाले. “बाजूची कडी धरली नाही मी.”

“चाळीस वर्षं काय मोजलंत देव जाणे.”

सासूबाई पेटीवरच टेकल्या. त्यांचे गुडघे खरोखरच दुखत असावेत, कारण त्यांनी दोन्ही हातांनी ते धरले. आत सून, बाहेर मोजणीदार, आणि दारात पेटीवर सासूबाई. कुणाला कुठे जाता येत नव्हतं.

“राहू दे इथेच,” मोजणीदार म्हणाले. “दुपारी कडी कापून काढतो. नैऋत्येला आहे तेवढं वजन पुष्कळ आहे.”

“कुठली नैऋत्य?” सासूबाई म्हणाल्या.

मोजणीदार कडीवरचा हात काढून सरळ झाले.

“एकतीस वर्षं झाली मला या घरात. मागची इमारत नव्हती तेव्हा सकाळी ओट्याशी उभी राहिले की ऊन थेट डोळ्यांत यायचं. पदर पुढे ओढून काम करायचे मी. तुम्ही म्हणायचात, कुणाला लाजतेस, सूर्याला? मला कळत नाही होय, पूर्व कुठे ते? तुम्ही तो बाण काढलात ना, त्याच दिवशी बघितला मी. म्हटलं, या माणसाने दुसऱ्यांच्या जमिनीत इंचभर इकडचं तिकडे केलं नाही, आणि हा आपल्याच घराची उत्तर फिरवतोय. उगीच नाही फिरवणार.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात?”

मोजणीदार दुखावलेला अंगठा दाबत बसले.

सुनेने हळूच विचारलं, “आई, मग हे सगळं सामान? नैऋत्य नाही हे माहीत असताना?”

“वायव्य आहे म्हणूनच तर,” सासूबाई म्हणाल्या. त्या तिच्याकडे न बघता पेटीवरच्या रंगाचा पोपडा नखाने काढत होत्या. “वाऱ्याची जागा. कागद उडेल म्हणून आपण वर काही ठेवत नाही का? तसं. कपाट ठेवलं, वाटलं पुरेल. रात्री वाटायचं नाही पुरणार, सकाळी आणखी काहीतरी आणायचे. यांनी कागदावर तुझी सोय केली, मी वजन टाकत राहिले. इतके दिवस आम्ही दोघं असे भांडतोय, आणि एक शब्द नाही.”

“आई, मी कुठे म्हटलंय की मी...”

“तुझ्या मालकांनी मलाही फोन केला होता गं. परवा. यांनी हो म्हटलं ते खरं की कसं, विचारत होते.” पोपडा निघाला. त्यांनी तो तळहातावर घेतला, फुंकून टाकला. “मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार होते, कोण जाणे.”

“तुम्ही म्हणाल तर नाही कळवते मी. खरंच. मला काही तिकडे...”

“गप्प बस. मला एकदा बोलू दे, मग पुन्हा नाही जमायचं.” त्यांनी आता तिच्याकडे तोंड केलं. पेटीवर बसल्या बसल्या वळताना त्यांना त्रास झाला, मोजणीदारांनी मागून खांद्याला हात दिला, आणि तो त्यांनी झटकला नाही. “संध्याकाळी तू येतेस, या खोलीतला दिवा लागतो. मी तिकडे भाजी चिरत असते. मला वाटतं, ही आली, आता तो येईल. उशीर झालाय कामावर, येईल. दोन वर्षं रोज वाटतं मला असं. तू इथे आहेस तोवर वाटू शकतं. तू गेलीस की नाही वाटायचं. म्हणून धरून ठेवलंय मी तुला, माझ्या त्या वाटण्यासाठी.”

“अगं,” मोजणीदार म्हणाले.

“तो मेलाय, पोरी. यायचा नाही. तू जा.”